अंगठा उमटविण्यापूर्वीं

(एका तालुक्याच्या गांवीं हायस्कुलाच्या पटांगणांत भरलेल्या पालकसभेपुढें एका वकिलांनीं केलेलें भाषण)



मला येथें बोलावणाऱ्या मंडळींनीं सांगितलें कीं, "वकीलसाहेब, आमचीं पोरें मोबाईलपायीं हातचीं चाललीं आहेत. त्यांना कायद्याचा असा धाक घाला कीं, पुन्हां त्या डबड्याला हात लावणार नाहींत." मी आलों खरा, पण धाक घालण्याचें काम माझ्याकडून होणार नाहीं, हें आधींच सांगून टाकतों. सभा सुरू होतांना सर्वांनीं फोन बंद करावेत अशी विनंति अध्यक्षांनीं केली. त्यानंतर तीन फोन वाजले. तिन्ही पुढच्या रांगेंतले. मागच्या पोरांपैकीं एकाचाही वाजला नाहीं. तेव्हां आज जें बोलावयाचें तें पुढच्या रांगेपासून सुरू करणें बरें.

मी सुताराचा मुलगा. माझ्या आजोबांना लांकडाची नस डोळे मिटून कळे. पण अक्षर कळत नसे. त्यांनीं एकदां एका कागदावर अंगठा उठविला. कागद बैलाच्या पैशाचा म्हणून वाचून दाखविला होता. निघाला घरामागच्या जागेचा. ती जागा पुन्हां आमच्या घराला मिळाली नाहीं. अशीं घरें या सभेंत किती असतील तें तुमचें तुम्हांस ठाऊक. आजोबांच्या आधींचे लोक तर अंगठाही उठवीत नसत. कुणबी नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्याराची. निशाणी आपली, मजकूर दुसऱ्याचा. १८७५ सालीं मे महिन्याच्या १२ तारखेला पुणें जिल्ह्यांतल्या सुपें गांवीं शेतकरी सावकारांवर चालून गेले, ते मुख्यतः हे कागद जाळण्यासाठीं. मग १८७९ सालीं सरकारनें दक्षिणेंतल्या शेतकऱ्यांसाठीं कायदा केला व शेतकऱ्याचें खत गांवच्या नोंदणी कामगारासमोर झालें पाहिजे, असें त्यांत घातलें. म्हणजे सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतों हें कळलें पाहिजे, एवढी साधी गोष्ट कायद्यांत येण्यासाठीं आधीं आग लागावी लागली.

आज आपलीं पोरें लिहितात, वाचतात. पण अंगठा सुटला आहे काय? मोबाईलच्या कांचेवर तो दिवसभर उमटतच असतो. "मला मान्य आहे" या शब्दांवर अंगठा. आलेला मेसेज पुढें ढकलण्यासाठीं अंगठा. कोणाच्या फोटोखालीं हंसण्याचें चित्र टाकण्यासाठीं अंगठा. आणि मजकूर कोणाचा? तो पुन्हां दुसऱ्याचाच. आपल्या कायद्यानें अठरा वर्षांखालचें मूल करार करण्यास समर्थ नाहीं. असें असून तेराव्या वर्षीं खातें उघडण्याची मुभा कंपन्या देतात, आणि दहा वर्षांच्या पोराचें जन्मसाल खोटें घालून देणारा बहुतेक वेळां त्याचा बापच असतो. पोराला इंटरनेटवरचें पहिलें खोटें आपण शिकवितों आणि मग तें खोटें बोलतें म्हणून सभा भरवितों!

आतां माझी स्वतःची गोष्ट सांगतों. ती सांगितल्याशिवाय पोरांना कांहीं शिकविण्याचा मला अधिकार नाहीं.

२०१८ सालच्या जून महिन्यांत माझ्या फोनवर एक मेसेज आला. मुलें पळविणारी टोळी आपल्या भागांत उतरली आहे, वेष भिक्षेकऱ्यांचा आहे, सावध रहा, सर्व ग्रुपवर पाठवा. सोबत एक चित्रफीत. पाठविणारा माझा सख्खा मेहुणा. तो कशाला खोटें पाठवील? शिवाय घरांत लहान नात. मीं तो मेसेज चार ठिकाणीं पाठविला आणि जेवावयास बसलों. वकिलीची सनद समोर भिंतीवर टांगलेली होती.

१ जुलै २०१८, रविवार. धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांत राईनपाडा म्हणून लहानसें गांव आहे. त्या दिवशीं तेथें आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचीं पांच माणसें भिक्षा मागत तेथें आलीं. मंगळवेढ्याकडचीं हीं भटकीं माणसें. पिढ्यान् पिढ्या गांवोगांव हिंडून पोट भरणारीं. मुलें पळविणारे म्हणून लोकांनीं त्यांना धरलें, ग्रामपंचायतीच्या खोलींत नेलें आणि पांचांनाही मरेपर्यंत मारलें. मारणारे कोण होते? बाजाराला आलेले, पोराबाळांचे बापच. मरणारेही पोराबाळांचे बापच. दरोडेखोर नव्हते, वैरी नव्हते, एकमेकांना ओळखतही नव्हते. दोहोंच्या मध्यें फक्त एक मेसेज उभा होता.

त्या वर्षीं अशा मेसेजांबरोबर देशभर जी एक चित्रफीत फिरली, तिची हकीकत ऐका. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि खेळणाऱ्या पोरांतलें एक उचलून नेतात, असें तींत दिसे. ती कराचींतल्या एका संस्थेनें लोकांना मुलांच्या बाबतींत जागें करण्यासाठीं बनविलेली होती. मूळ चित्रफितींत पुढें ते दोघे मूल परत आणून सोडतात व सावधगिरीची पाटी दाखवितात. तेवढा शेवटचा तुकडा कोणीं तरी कापून टाकला आणि उरलेला आपल्या गळ्यांत मारला. कात्री एकाची, अंगठे लाखोंचे.

माझा मेसेज राईनपाड्याला पोंचला होता काय? मला ठाऊक नाहीं. माझें गांव तेथून पुष्कळ दूर. पण सोडलेला मेसेज कोठकोठें गेला हें सोडणाऱ्याला कधीं कळत नाहीं. तेव्हां "माझा नव्हे" असें शपथेवर सांगण्याची सोय मला उरलेली नाहीं. मेहुण्याला विचारलें तर तो म्हणाला, "दाजी, मलाही कोणी तरी पाठवलाच होता कीं." हेंच उत्तर साऱ्या महाराष्ट्राचें.

त्याच जुलै महिन्यांत व्हॉट्सॲप कंपनीनें भारतांत एक मेसेज एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें ढकलतां येऊं नये असें बंधन घातलें. कंपनीला जें पांच माणसें मेल्यावर सुचलें तें आपण घरांत फुकट करूं शकतों. पुढें पाठविण्यापूर्वीं पाठविणाऱ्याला फोन लावून एकच विचारावें: "तूं हें डोळ्यांनीं पाहिलेंस काय?" दहांतल्या नवांचें तोंड तेथेंच बंद होतें.

कायदा काय म्हणतो? १ जुलै २०२४ पासून जुन्या इंडियन पिनल कोडाच्या जागीं भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या ३५३ व्या कलमांत, लोकांत भीति किंवा वैर पसरेल अशा हेतूनें खोटी बातमी अगर अफवा पसरविणें हा गुन्हा आहे. फोनवरून पसरविली तरीही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. बातमी खरी मानण्यास वाजवी कारण असेल आणि हेतु चांगला असेल तर सूट आहे. आतां मेहुण्यानें पाठविला हें वाजवी कारण होतें काय? मी तीस वर्षें वकिली करीत आहें. पण न्यायाधीशापुढें उभें राहून हें म्हणण्याची छाती मला झाली नसती.

ग्रुप चालविणारांना एक दिलासा आहे. ग्रुपांतल्या एखाद्यानें घाण टाकली तर केवळ ॲडमिन म्हणून दुसरा गुन्हेगार होत नाहीं, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें २०२१ सालीं दिला. त्यांत ॲडमिनचा हात किंवा आधींची मसलत असली पाहिजे. पण म्हणून हातावर हात धरून बसूं नये. जातीवरून शिवी टाकणारें पोर तुमच्या ग्रुपांत असेल तर त्याला थांबविणें तुमचें काम आहे. दलित आदिवासी बांधवांचा चारचौघांत जातीवरून अपमान करणें हा १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याखालीं गुन्हा आहे, आणि ग्रुप म्हणजे आपली खाजगी ओसरी हा समज कोर्टांत टिकेलच असें नाहीं. जून २०२३ मध्यें कोल्हापुरांत मोबाईलवरच्या कांहीं स्टेटसवरून दगडफेक झाली, शहर बंद पडलें, इंटरनेट बंद करावें लागलें. स्टेटस चोवीस तासांत पुसलें जातें. पोलिसांतली नोंद पुसली जात नाहीं.

असो. आतां मुख्य गोष्टीकडे येतों. तिच्यासाठींच मी हें बोलावणें स्वीकारलें.

एक मुलगी होती, दहावीच्या वर्गांत. नांव सांगणार नाहीं, गांव सांगणार नाहीं; सांगितलें तर मीच गुन्हेगार ठरेन. बाप मातीचें काम करणारा, आई वीटभट्टीवर जाणारी. पोरगी हुशार. शाळेच्या स्नेहसंमेलनांत तिचा फोटो निघाला होता. तिच्याच वर्गांतल्या एका मुलानें त्या फोटोंतला चेहरा घेतला आणि हल्लीं फुकट मिळणाऱ्या यंत्राकडून तो उघड्या अंगावर बसवून घेतला. मुलांच्या ग्रुपांत टाकला. दुसऱ्यानें तो आणखी दोन ग्रुपांत ढकलला. तिसऱ्यानें कांहीं केलें नाहीं. नुसतें हंसण्याचें चित्र टाकलें आणि फोटो फोनांत ठेवून दिला. दोन दिवसांत तो फोटो दुसऱ्या तालुक्यांतल्या तिच्या मामाच्या फोनवर पोंचला.

मग काय झालें असेल? मुलांना शिक्षा? छे! मुलीची शाळा बंद झाली. बाप म्हणाला, तोंड दाखवायला जागा उरली नाहीं. मामानें स्थळ आणलें. पोरगी पंधरा वर्षांची. तिची आई कोर्टाच्या पायरीवर माझ्याकडे आली. अंगावर भट्टीची धूळ तशीच. म्हणाली, "साहेब, फोटो तिचा नाहीं, चूक तिची नाहीं, मग घरांत तिलाच कां कोंडलंय?"

बंधूंनो, या प्रश्नाचें उत्तर कोणत्याही कायद्याच्या पुस्तकांत नाहीं. तें आपल्या घरांत आहे. पण कायद्यांत जें आहे तें तरी तिला मिळालें पाहिजे होतें.

मुख्याध्यापक म्हणत होते, शाळेचें नांव जाईल, गांवांत मिटवा. त्यांना मीं जाऊन सांगितलें कीं, २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणें अठरा वर्षांखालच्या मुलाबाबतचा असा गुन्हा माहीत असून कळविला नाहीं तर तोच स्वतंत्र गुन्हा होतो, आणि संस्थेच्या प्रमुखाला तर एक वर्षापर्यंत कैद आहे. फोटो बनावट आहे, खरें अंग तिचें नाहीं, ही सबब चालत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें यंत्रानें बनविलेलें चित्रही कायद्यांत घातलें आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६७ ब हें कलम तर असें चित्र टाकणारा, पाठविणारा, साठविणारा आणि मुद्दाम शोधून पाहणारा, सर्वांना एकाच दावणीला बांधतें: पहिल्या वेळीं पांच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. सर्वोच्च न्यायालयानें २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालांत हेंच बजावलें कीं, लहान मुलांचीं अशीं चित्रें नुसतीं जवळ बाळगणेंही निष्पाप नाहीं. तेव्हां तो तिसरा, "मी कुठं कांहीं केलं?" म्हणणारा, तोही सुटत नाहीं. मागें बसलेल्या पोरांनो, हें तुमच्यासाठीं. तुमच्यांत पहिला क्वचित् असतो, तिसरे पुष्कळ असतात. आणि दोघांच्या राजीखुशीनें पाठविलेला फोटो असला तरी अठरा वर्षांखालीं ती राजीखुशी कायदा मानीत नाहीं.

त्याच आठवड्यांत पहिल्या मुलाचा बापही माझ्याकडे आला. दोन एकरांचा कुणबी. कोणा मध्यस्थानें त्याला सांगितलें होतें कीं, पोराला बेड्या पडणार, मोठ्या तुरुंगांत जाणार. चाळीस हजार द्या, मिटवून देतों. तो दुभती म्हैस विकावयास निघाला होता. एकीकडे कोंडलेली पोरगी, दुसरीकडे विकावयास निघालेली म्हैस, आणि दोन्ही घरें कायदा न कळल्यामुळें बुडत होतीं!

त्याला मीं सांगितलें तें तुम्हांलाही सांगतों. अठरा वर्षांखालच्या मुलाला २०१५ चा बाल न्याय कायदा लागतो. त्याला पोलीस कोठडींत किंवा तुरुंगांत ठेवतां येत नाहीं, बेड्या घालतां येत नाहींत. ताब्यांत घेतलें तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आंत बाल न्याय मंडळापुढें न्यावें लागतें. त्या मंडळांत एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्या दोघांपैकीं निदान एक बाई. मंडळ मुलाला समज देऊं शकतें, समुपदेशनाला पाठवूं शकतें, समाजसेवा करावयास लावूं शकतें, आईबापांना दंड भरावयास लावूं शकतें. जड प्रकरणांत सुधारगृहांतही पाठवूं शकतें. सोळा वर्षांवरील मुलानें अतिशय घोर गुन्हा केला तर वाट वेगळी आहे. पण साधारणतः या निकालाचा डाग पुढें नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या आड येऊं नये अशी कायद्याची योजना आहे. कायद्याला मूल मोडावयाचें नाहीं, वळवावयाचें आहे. म्हैस दावणीला परत बांध, मध्यस्थाला दारांत उभा करूं नको, आणि पोराला घेऊन सरळ उभा रहा, असें मीं त्याला म्हटलें. त्यानें ऐकलें. मुलगा मंडळापुढें खालीं मान घालून खरें बोलला.

मधल्या काळांत गांवांतल्या एका शहाण्यानें त्या मुलाचा फोटो "हाच तो नराधम" म्हणून ग्रुपवर टाकला. टाळ्या पडल्या. पण गुन्ह्यांत सांपडलेल्या मुलाची असो अगर बळी पडलेल्या मुलीची असो, ओळख जाहीर करणें हा त्याच बाल न्याय कायद्यानें गुन्हा आहे. त्या शहाण्याचें वय अठ्ठेचाळीस. त्याच्यासाठीं बाल न्याय मंडळ नाहीं.

मुलीचें लग्न थांबलें. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणें अठरा वर्षांखालच्या मुलीचें लग्न लावणें हा गुन्हा आहे आणि लावणाऱ्या घरच्या मंडळींनाही शिक्षा आहे, हें मामाला समजावून सांगावें लागलें. गोड शब्दांनीं समजलें नाहीं, तेव्हां १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरावर फोन केला. मुलीचा जबाब घ्यावयास आलेल्या बाई अधिकारी साध्या वेषांत तिच्या घरीं आल्या. पोक्सो कायद्यांत तसेंच आहे, मुलीला चौकींत बसवून ठेवतां येत नाहीं. पोरगी त्या शाळेंत मात्र परत गेली नाहीं. दहावीची परीक्षा तिनें मावशीच्या गांवाहून दिली. पास झाली. आईनें मला पेढे आणून दिले. ते घेतांना मला बरें वाटलें असें म्हणवत नाहीं. तिनें कां गांव सोडावें?

कोणा घरावर असा प्रसंग आला तर काय करावें, तें ध्यानांत ठेवा. पहिली चूक होते ती रागाच्या भरांत फोन आपटण्याची किंवा सर्व पुसून टाकण्याची. पुरावा फोनांत असतो. फोन मोडला कीं पुरावा मोडला. खात्याचें नांव, नंबर, तारीख, वेळ टिपून ठेवा, आणि फोन तसाच पोलिसांना दाखवा. पण तें घाणेरडें चित्र "बघा हो काय केलं" म्हणून भावकींत पाठवूं नका. मग पाठविणारांत तुम्हीही आलां. आमच्या हद्दींत येत नाहीं असें म्हणून परत पाठवूं लागले तर सांगा कीं, नव्या संहितेप्रमाणें गुन्हा कोठेंही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यांत तक्रार नोंदवितां येते. ज्या कंपनीच्या पानावर फोटो आहे तिच्याकडेही तक्रार करा. असें चित्र ठरलेल्या थोड्या मुदतींत काढणें तिला भाग आहे. आणि सगळ्यांत आधीं मुलीला जवळ घ्या. जी पोर बापाच्या भीतीनें गप्प राहते तिलाच धमकी देणारा पुन्हां पुन्हां पिळतो.

पैशाच्या फसवणुकीबद्दल एकच नवी खोड सांगतों, कारण ती कॉलेजांत जाणाऱ्या आपल्या पोरांभोंवतीं फिरत आहे. कोणी तरी ओळखीचा येतो आणि म्हणतो, तुझें बँकेचें खातें आणि सिमकार्ड महिनाभर वापरावयास दे, तीन हजार मिळतील. पोराला वाटतें, आपलें काय जातें? त्या खात्यांतून दुसऱ्या कोणा म्हाताऱ्याची पुंजी वाहून नेली जाते. बँकवाले अशा खात्याला म्यूल म्हणतात, म्हणजे खेचर. ओझें कोणाचें तें खेचराला ठाऊक नसतें, पण पकडलें तेंच जातें. खातें गोठतें, त्याच खात्यावर येणारी शिष्यवृत्ति किंवा पीकविम्याचा पैका अडकतो, आणि चौकशी पोराच्या नांवानें. उलट तुमचीच रक्कम कोणीं उडविली तर लाजून बसूं नका, घटकाभरांत १९३० ला फोन करा. उशीर झाला कीं पैसा पुढच्या खेचरावर गेलाच.

हें सगळें ऐकून एखादा म्हणेल, मग पोरांनीं कांहीं लिहूंच नये हें बरें. अजिबात नव्हे! २०१२ च्या नोव्हेंबरांत, तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतल्या पालघरला एका मुलीनें फेसबुकवर एका बंदाविषयीं आपलें मत लिहिलें. दुसरीनें त्याला पसंती दिली. दोघींना अटक झाली. त्यांत शिवी नव्हती, अफवा नव्हती, होतें फक्त मत. तेव्हां माहिती तंत्रज्ञान कायद्यांत ६६ अ म्हणून एक कलम होतें. त्याचे शब्द इतके सैल कीं कोणालाही त्रास झाला असें वाटलें तरी लिहिणारा आंत. श्रेया सिंघल नांवाच्या तरुणीनें त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला आणि २४ मार्च २०१५ रोजीं न्यायालयानें तें कलम घटनाबाह्य ठरवून मोडून टाकलें. पुढेंही कांहीं ठाण्यांतून त्याखालीं गुन्हे नोंदले जातच होते, म्हणून २०२२ सालीं न्यायालयाला पुन्हां बजावावें लागलें.

तेव्हां पोरांनो, गांवच्या टांकीला चार दिवस पाणी नाहीं असें लिहा. वसतिगृहांत भातांत किडे निघाले तर फोटो काढून लिहा. रस्त्याच्या कामाचा हिशेब विचारा. घटनेच्या १९ व्या कलमानें तो तुमचा हक्क आहे, आणि ज्यांच्या आजोबांना आपलें म्हणणें दुसऱ्याकडून लिहवून घ्यावें लागे त्यांच्या नातवांनीं तो हक्क भीतीनें टाकून देऊं नये. फरक एवढाच ओळखा: पाणी आलें नाहीं हें लिहिणें वेगळें, आणि सरपंचानें पैसे खाल्ले असें पुराव्यावांचून लिहिणें वेगळें. पहिली तक्रार, दुसरी बदनामी. सरपंचबाईच्या पाण्याच्या कामावर लिहिणें वेगळें, तिच्या लुगड्यावर लिहिणें वेगळें. हें समजावयास वकील लागत नाहीं.

आयाबापांना विचारावेंसें वाटत असेल कीं, आम्हांला स्वतःलाच फोन नीट येत नाहीं, तर शिकवावें कसें? माझ्या ओळखीची एक माळीण आहे, अंगठेबहाद्दर. रात्रीं भाकरी झाल्यावर ती मुलाला म्हणते, "आज त्या डब्यांत काय आलं तें मला वाचून दाखव." मुलगा वाचतो. वाचतां वाचतां जें आईपुढें वाचवत नाहीं तेथें तो अडखळतो. ती कांहीं बोलत नाहीं. पण पोरगा मला म्हणाला, "काका, आतां पाठवतांनाच डोक्यांत येतं, हें रात्री आयेला वाचून दाखवावं लागंल." फोन हिसकावून घेणाऱ्या बापाचें पोर दुसऱ्याच्या फोनवर जातें, वाचून दाखविणारें पोर घरांत राहतें.

फळ्यावर मीं दोन नंबर लिहिले आहेत: पैशाच्या व मोबाईलवरच्या गुन्ह्यासाठीं १९३०, मुलामुलींच्या संकटासाठीं १०९८. ज्यांच्याजवळ कागद नाहीं त्यांनीं पोरांकडून लिहून घ्यावे.

माझें बोलणें संपलें. आतां मागच्या भिंतीच्या पोरांनो, तुम्ही पुढें या, आणि पुढच्या रांगेनें थोडें मागें सरकावें. आलेला फोटो जुना आहे कीं नवा, कोठला आहे, हें इंटरनेटवर उलटा शोध घेऊन कसें पाहावयाचें तें तुमच्यापैकीं तिघांचौघांना येतें असें गुरुजी म्हणाले. तें तुमच्या आयाबापांना दाखवा. माझ्या फोनवर आज सकाळींच एक मेसेज आला आहे, मेहुण्याचाच आहे. त्यापासूनच सुरुवात करूं.